चुंबक, शेक आणि कॅन्सर पहाडी

ग्वाल्हेरच्या महाराज बाड्याबद्दल लिहायला बसलेला मराठी माणूस हमखास गोड लिहितो. त्याला कारणही आहे. एका चौकाभोवती सात इमारती आणि प्रत्येकीची घडण निराळी. टाऊन हॉलमध्ये रीगल टॉकीज, पलीकडे पोस्ट, बँक, सरकारी छापखाना, गोरखीचं दार, आणि या सगळ्यांत आम्हां पोरांचं लाडकं व्हिक्टोरिया मार्केट. जुलै लागला की नव्या वह्या, शाईच्या पुड्या आणि भूगोलाचे कोरे नकाशे तिथूनच यायचे. सकाळी बेडई, थंडीत गजक. चिटणिसांची गोठ, फालके बाजार, पाटणकर बाजार, शिंद्यांची छावणी अशा सगळ्या बाजूंनी मराठी मंडळी संध्याकाळी बाड्याकडे निघत आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली निम्मी लग्नं तिथे उभ्या उभ्या ठरत किंवा मोडत.

एक गोष्ट मात्र आम्ही या आठवणींतून सोयीस्करपणे वगळतो. साठच्या दशकातल्या त्या देखण्या बाड्याच्या आसपास राहून आजारी पडणं फार वाईट होतं. साधा ताप, खोकला, हिवताप यांचं एक वेळ निभायचं. जयारोग्य रुग्णालय होतं, 1946 पासून गजराराजा मेडिकल कॉलेज होतं, चांगले डॉक्टर होते. पण अंगात कुठे गाठ आली तर घराचं तोंडच शिवलं जायचं.

गाठीचा पहिला इलाज शेक. दुखत नसली तरी शेक, कारण काहीतरी केल्याशिवाय चैन पडत नसे. अळशीचं पोटीस, तव्यावर गरम केलेल्या मिठाची पुरचुंडी, फडक्यात गुंडाळलेली वीट. त्यानेही भागलं नाही तर बिब्बा. खेड्यातून आलेली एखादी म्हातारी लोखंडाची सळई तापवून डाग द्यायचाही सल्ला द्यायची, आणि तो मानणारी घरंही होती. आमच्या गोठीतल्या एका काकूंच्या छातीत गाठ लागली, तेव्हा शेजारणींचं बोलणं मी दाराआडून ऐकलेलं आहे. "वहिनी, नेमानं शेकत राहा, विरघळेल. पुरुषांच्या कानावर कशाला घालता?" काकू शेकत राहिल्या. दिवाळीपासून होळीपर्यंत. घरातल्या पुरुषांना कळलं तेव्हा गाठ काखेपर्यंत पोचली होती.

त्यानंतरची पायरी पंजाब मेल. ग्वाल्हेर स्टेशनावर रुग्णाला बसवायचं, थेट बोरीबंदरला उतरायचं आणि परळला टाटा रुग्णालय गाठायचं. ते 1941 साली सुरू झालेलं. उत्तर हिंदुस्थानातल्या कितीतरी घरांना कॅन्सरसाठी तेवढाच एक पत्ता माहीत होता. बाड्यावर कुणी विचारलं तर "त्यांना मुंबईला नेलंय" इतकंच सांगायचं. ऐकणारा पुढे काही विचारत नसे. काकूही मुंबईला जाऊन आल्या. शस्त्रक्रिया झाली, मग किरणांचा शेक. हो, घरात त्यालाही 'शेक'च म्हणत. छातीची कातडी काळी पडली होती, पदर घट्ट लपेटून त्या माजघरात बसत. पुढचा पावसाळा त्यांनी पाहिला नाही.

त्यांच्या घरच्यांना मी दोष देत नाही. ज्यांना कळायला हवं होतं त्यांना कळू दिलं नाही, हा त्या काळाचा रिवाज होता. पण जुने दिवस गोड होते असं कुणी म्हणालं की मला त्या काकू आठवतात.

आता त्याच काळातली दुसरी, बिनदुःखाची आठवण. बाड्यापासून जवळच रेडिओ दुरुस्तीची दुकानं होती. फुटलेल्या स्पीकरमधला गोल चुंबक चार-आठ आण्यांत मिळायचा, ओळख असली तर फुकट. त्याला सुतळी बांधायची आणि बांधकामासाठी पडलेल्या वाळूच्या ढिगातून ओढत न्यायचा. वर काढला की त्याला काळ्या कणांची दाढी फुटलेली असे. ते कण कागदावर झटकायचे, कागदाखालून चुंबक फिरवायचा आणि दाढी कशी उभी राहते ते बघायचं. सगळा वेळ वाळूत आणि सगळे कण पांढऱ्या सदऱ्याला, म्हणून आई ओरडायची. ते लोखंडच आहे असं आम्ही समजायचो. खरं म्हणजे ते मॅग्नेटाइट, लोखंड आणि ऑक्सिजनचं नैसर्गिक संयुग.

चुंबकाची औषधं तेव्हाही विकली जात. 1905 पासून दर थंडीत भरणाऱ्या ग्वाल्हेरच्या मेळ्यात चुंबकाची कडी, चुंबकाचे पट्टे घेऊन बसलेला एखादा माणूस असायचाच. रक्तदाब उतरतो, सांधे मोकळे होतात, असं तो ठासून सांगे. ती शुद्ध थाप होती. नुसता चुंबक अंगाला बांधून कुठलाही रोग जात नाही, आजही जात नाही. पण शेक आणि चुंबक या आमच्या लहानपणच्या दोन गोष्टी पुढे प्रयोगशाळेत एकत्र आल्या आणि त्यातून कॅन्सरवरची एक खरीखुरी उपचारपद्धत उभी राहू लागली. याची मला मोठी गंमत वाटते.

उष्णतेने गाठ मरते याचा सुगावा जुना आहे. 1866 मध्ये बुश नावाच्या जर्मन डॉक्टरने चेहऱ्यावरची एक गाठ तीव्र तापाच्या आजारानंतर नाहीशी झाल्याची नोंद केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या विल्यम कोलीने तर रुग्णांना जंतूंचे अर्क टोचून मुद्दाम ताप आणवला. त्यात गुण तापाचा किती आणि शरीराच्या जाग्या झालेल्या प्रतिकारशक्तीचा किती, हा वाद पुढे चालत राहिला. खरी अडचण वेगळीच होती. ताप सगळ्या अंगाला चढतो, गाठ मात्र एका कोपऱ्यात असते. बाहेरून शेकलं तर कातडी भाजते आणि आतली गाठ गारच राहते. आमच्या काकूंच्या विटेची हीच गत होती.

1957 साली शिकागोच्या गिलख्रिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक कल्पना मांडली. लोखंडाच्या ऑक्साइडचे 20 ते 100 नॅनोमीटरचे कण लसिका ग्रंथींत पोचवायचे आणि बाहेरून झपाट्याने बदलणारं चुंबकीय क्षेत्र लावून ते तिथल्या तिथे तापवायचे. त्यांनी वापरलेलं क्षेत्र सेकंदाला बारा लाख वेळा उलटसुलट होणारं होतं. त्याच वर्षी एप्रिलात आपल्याकडे नवा पैसा आला आणि बाड्यावरचे दुकानदार आणे आणि नये पैसे यांच्या हिशेबात गुंतले. शिकागोतल्या त्या निबंधाची दखल लष्करात कुणी घेतली असेल असं वाटत नाही. खरं तर जगातही फारशी घेतली गेली नाही. ते कण नीट आणि एकसारखे बनवायची विद्या यायला आणखी काही दशकं जावी लागली.

आज ती विद्या आहे. वाळूतला तोच काळा पदार्थ आता रसायनांतून 10 ते 20 नॅनोमीटर आकाराचा बनवतात. डोक्याचा केस जाडीला ऐंशी हजार नॅनोमीटरच्या आसपास भरतो, यावरून अंदाज यावा. एवढा लहान झाल्यावर या पदार्थाचा स्वभाव बदलतो. बाहेर चुंबकीय क्षेत्र असेपर्यंत तो चुंबकासारखा वागतो. क्षेत्र गेलं की चुंबकपणही जातं. त्यामुळे आमच्या कागदावरच्या दाढीसारखे हे कण एकमेकांना धरून बसत नाहीत. त्यांच्यावर पातळ लेप चढवतात, पाण्यात कालवतात आणि सुईने थेट गाठीत सोडतात. मग रुग्णाला एका यंत्रात झोपवून सेकंदाला लाखभर वेळा दिशा बदलणारं क्षेत्र सुरू करतात. कणातली चुंबकीय दिशा दर वेळी त्याच्या मागोमाग फिरू पाहते, थोडी मागे पडते आणि या ओढाताणीत खर्ची पडणारी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर येते.

घरातली इंडक्शन शेगडी याच घराण्यातली. शेगडी गार राहते आणि भांडं तापतं. फरक इतकाच, की भांड्याच्या तळात विजेचे भोवरे फिरतात म्हणून ते तापतं. हे कण इतके चिमुकले की त्यांत असे भोवरे जमायला जागाच नसते. पण माणसाच्या शरीरात ते जमू शकतात, कारण आपलं शरीर खारं पाणीच आहे. म्हणून क्षेत्र हवं तेवढं वाढवता येत नाही. फार जोर लावला तर गाठीऐवजी रुग्णच तापायचा.

गाठीचं तापमान 42 ते 45 अंशांच्या दरम्यान न्यायचं आणि तासभर तिथे धरायचं, असा साधारण बेत असतो. भट्टीच्या मानाने हे काहीच नाही, फक्त मोठा ताप. पण एवढ्यावर पेशीतल्या प्रथिनांची घडी मोडू लागते आणि किरणांनी केलेली इजा दुरुस्त करायची पेशीची ताकद कमी होते. म्हणून हा शेक किरणोपचाराच्या जोडीला देतात, एकटा क्वचितच. शिवाय गाठीतल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या आणि घाईत वाढलेल्या असतात. निरोगी मांसातून रक्त जशी उष्णता वाहून नेतं तशी ती गाठीतून नेली जात नाही, आणि गाठ आपल्याच बेशिस्तीने तापते. हे वाचलं तेव्हा मला, खरं सांगतो, सूडाचा आनंद झाला.

माणसावर हे सर्वांत पुढे नेलं बर्लिनच्या आंद्रेयास यॉर्डान यांनी आणि त्यांच्या मॅगफोर्स या कंपनीने. ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा फार वाईट कॅन्सर. एकदा काढला तरी उलटतो. असा उलटलेला रोग असलेल्या 59 रुग्णांवर कणांचा शेक आणि किरण मिळून उपचार झाले. रोग उलटल्यापासून त्यांचं मध्यक आयुष्य 13.4 महिने भरलं. तुलनेसाठी घेतलेली जुनी आकडेवारी 6.2 महिन्यांची होती. 2010 मध्ये युरोपात या उपचाराला मान्यता मिळाली आणि वर्तमानपत्रांनी तो जणू कॅन्सरचा शेवटच असल्यासारखा छापला.

तेव्हाच्या बातम्यांत न आलेलं असं: या चाचणीत बरोबरीने ठेवलेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे तुलना कच्ची. उपचाराआधी रुग्णाच्या दातांतली धातूची भरण काढावी लागे. कण मेंदूत राहून जात, त्यामुळे पुढे त्या भागाचा नीट एमआरआय काढता येत नसे. आणि 2022 मध्ये मॅगफोर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. विद्या खोटी ठरली म्हणून नव्हे, धंदा चालला नाही म्हणून. माझ्या मते दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या पाहिजेत. काकूंच्या काळी अज्ञानाने माणसं मेली, आजच्या काळी अर्धवट बातम्यांनी फसतात.

मराठी मुलखात या विषयावर बरंच काम झालं आहे, आणि ते आपल्याच लोकांना ठाऊक नाही. कोल्हापूरच्या डी. वाय. पाटील विद्यापीठात प्रा. एस. एच. पवार यांच्या गटाने चुंबकी शेकासाठी नॅनोकण बनवले. त्यांतले काही लँथॅनम, स्ट्राँशियम आणि मँगनीज यांच्या ऑक्साइडचे. अशा पदार्थाची खुबी अशी, की ठरावीक तापमानापलीकडे त्याचं चुंबकत्व मावळतं, म्हणजे तापणंही थांबतं. त्या तापमानाला क्यूरी बिंदू म्हणतात. मॅग्नेटाइटचा तो 585 अंशांच्या आसपास, माणसाच्या कामाचा नाही. पण या मिश्रणांत घटकांचं प्रमाण बदलून तो खाली खेचता येतो. गाठीपुरता तापून आपणच विझणारा कण, असं ते स्वप्न आहे. मुंबईच्या आयआयटीत प्रा. धीरेंद्र बहादूर यांनीही वर्षानुवर्षं याच वाटेवर काम केलं. अलीकडे मोहालीच्या नॅनो विज्ञान संस्थेने टाटा केंद्राच्या खारघरच्या ॲक्ट्रेकबरोबर प्राण्यांवर प्रयोग केले. शेक बसला की पेशी बचावाची प्रथिनं तयार करते, त्यांतल्या एकाला औषधाने रोखायचं आणि वरून चुंबकी शेक द्यायचा. म्हणजे कमी कणांत, कमी उष्णतेत काम व्हावं.

अडचणी अजून बऱ्याच आहेत. शिरेतून टोचलेले कण गाठीकडे जाण्याऐवजी यकृतात आणि प्लीहेत जाऊन बसतात. सुईने थेट गाठीत सोडले तर सगळीकडे सारखे पसरत नाहीत आणि जिथे पोचले नाहीत तिथल्या पेशी सुटतात. आत नेमकं किती तापलं हे मोजणं कठीण. रोग अंगभर पसरला असेल तर हा उपचार मुळात लागूच नाही. हे सगळं सुटेल असं मला वाटतं, पण कधी ते सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

आता आजचा बाडा. व्हिक्टोरिया मार्केट 2010 च्या आगीत जळालं. इमारत पुन्हा उभी राहिली आणि 2024 च्या डिसेंबरपासून तिथे भूविज्ञानाचं संग्रहालय आहे. आम्ही जिथे वह्या घ्यायचो तिथे पोरं आता दगड आणि खनिजं बघतात. रात्री इमारतींवर रंगीत दिवे पडतात, तेवढे नसते तरी चाललं असतं. टांगे गेले, टेम्पो आले, आता ई-रिक्षा. मराठी कानावर पडते, पण शोधावी लागते. तरीही एक बदल मला सगळ्यांत मोठा वाटतो. बाड्यावरून कंपूकडे जाणारा रिक्षावाला भर चौकात "कैंसर पहाड़ी, कैंसर पहाड़ी" असं ओरडतो. मांढऱ्यांच्या मातेच्या देवळाजवळच्या टेकडीवर कॅन्सर हॉस्पिटल उभं राहिलं आणि टेकडीचं नावच ते पडलं. जो शब्द आमच्या माजघरात कुणी उच्चारत नसे, तो आता थांब्याचं नाव आहे. त्या रिक्षात डब्याची पिशवी घेऊन बाई बसते, कॉलेजची पोरं बसतात, कुणी खाली मान घालत नाही. शेजारी जयारोग्याचं नवं हजार खाटांचं रुग्णालय झालं आहे. पंजाब मेल अजून धावते आणि ग्वाल्हेरची माणसं अजून परळला जातात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत अशा गावोगावच्या रुग्णांची गर्दी असतेच. पण तपासणी, तुकडा काढणं, किरणोपचार, औषधं यांतलं पुष्कळसं आता टेकडी चढून मिळतं.

सगळंच सुधारलं असं मात्र नाही. आमच्या वेळी बाड्यावर पानवाले होते आणि तंबाखूही होती, पण ती मोठ्यांची आणि मोजकी. पुढे चकचकीत पुड्या आल्या आणि शाळकरी पोरांच्या खिशात गेल्या. 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घालणारं मध्य प्रदेश हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. त्यावर सुपारी एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत, अशी तोड निघाली. ग्राहक दोन्ही घेतो आणि तळहातावर मिसळतो. तोंडाच्या कॅन्सरने जबडा गमावलेली तिशीतली माणसं पाहिली की नॅनोकणांच्या गप्पा काही वेळ बाजूला ठेवाव्याशा वाटतात. एवढी सूक्ष्म विद्या शोधून काढणारा माणूस दहा रुपयांच्या पुडीपुढे हरतो, याचा मला मनापासून राग येतो.

तरीही मला विचाराल तर फिरायला, खायला, गप्पा मारायला जुना बाडा बरा होता. आजारी पडायला आजचाच बरा. काकू आज असत्या तर त्यांची सून त्यांना दिवाळीच्या आत रिक्षात घालून पहाडीवर घेऊन गेली असती. त्यांना चुंबकी शेक मिळाला नसता, त्याची गरजही बहुधा पडली नसती. वेळेत काढलेल्या गाठीला साधे, जुने, पुष्कळ वेळा तपासून पाहिलेले उपचारच पुरतात.

म्हणून वाचकांना दोन गोष्टी सांगतो. अंगात गाठ लागली, तोंडातला छाला बरा होईना, आवाज बसला तो सुटेना, तर शेकत बसू नका. तपासून घ्या, आणि घरातल्या बाईच्या बाबतीत तर आजच घ्या. दुसरं असं, की चुंबकी नॅनोकणांचा हा उपचार आपल्याकडे आजही संशोधनाच्या टप्प्यावर आहे, दवाखान्यात रोज मिळणारा नाही. फोनवर त्याची जाहिरात आली, कुणी पैसे मागितले, तर त्याला चाचणीचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक विचारा. 2009 पासून आपल्या देशात रुग्णांवरच्या औषध-चाचण्यांना ही नोंदणी सक्तीची आहे आणि ती यादी कुणालाही फुकट पाहता येते. क्रमांक सांगता आला नाही, तर मेळ्यातल्या चुंबकाच्या कड्यांना जेवढे पैसे द्याल तेवढेही त्याला देऊ नका.